"थांबशील का" हे आधी विचारायला लावणाऱ्या कुमुद सिस्टर

कुमुद सिस्टरांना मी पहिल्यांदा बघितलं ते दाराच्या फटीतून. पोलादपूरजवळ कापड्याला आमच्या घरी आजोबा दोन वर्षं अंथरुणावर होते. सिस्टर गावात कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या. लग्नघरात त्यांना कोणीतरी सांगितलं की खालच्या आळीत एक म्हातारा पडून आहे, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर होतात तुम्ही, जरा बघून जा. त्या लग्नाच्या साडीतच आमच्याकडे आल्या. पदर खोचला, आजोबांना कुशीवर घेतलं, पाठ बघितली, टाचा बघितल्या. मग घरातल्यांना म्हणाल्या, "दोन वर्षं पडून आहेत आणि अंगावर एक जखम नाही. यांचं कोण करतं?"

बाबा म्हणाले, घरातले सगळेच करतात. आजोबा फार बोलायचे नाहीत, पण तेव्हा बोलले. "सगळे नाय. ती करते. दाराआड हाय ती."

मी बाहेर आले नाही. सिस्टर दारापर्यंत आल्या, पण दार त्यांनी ढकललं नाही. अलीकडूनच विचारलं, किती वेळाने कूस बदलतेस. मी म्हटलं, दोन तासांनी. कोणी शिकवलं, तर म्हटलं, कोणी नाही, त्यांच्या कण्हण्यावरून कळतं. सिस्टर वळून बाबांना म्हणाल्या, "हिला काम करायचं असेल तर महाडला माझ्याकडे पाठवा. पण अठरा पूर्ण झाल्यावर. त्याच्या आधी आणलीत तर परत पाठवीन."

मी तेव्हा सतराची होते. नववीतच शाळा सुटली होती. आईची कंबर धरली होती, घरचं आणि आजोबांचं करायला कोणी नव्हतं, हे खरं कारण. पण वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझी जीभच उचलायची नाही, म्हणून शाळा सुटल्याचं मला फार वाईट वाटलं नाही, हेही तितकंच खरं. पुढे आजोबा गेले. अठरा पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी मी दादाबरोबर सिस्टरांच्या ओटीवर जाऊन उभी राहिले.

सिस्टरांना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या अंकात त्यांच्याबद्दल डॉक्टर लिहितील, शाळेचे सर लिहितील, महाडातली मोठी माणसं लिहितील. मला मोठं लिहिता येत नाही. माझ्यासमोर जे झालं तेवढं मी सांगते. त्यात माझी एक चूक आहे. ती सोडून सिस्टरांचं मोठेपण मला सांगता येणार नाही, म्हणून तीही सांगते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी आमचं काम. महाडात पुष्कळ घरांत म्हातारी माणसं आहेत. मुलं मुंबई-पुण्याला, नाहीतर इथेच असून दिवसभर दुकानात, ऑफिसात. अशा घरी पडून असलेल्या माणसाला अंघोळ घालायची, भरवायचं, औषध द्यायचं, कूस बदलायची, संडास-लघवीचं बघायचं, हे काम आम्ही करतो. निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी महाड आणि पोलादपूरच्या गावांतल्या बायका-मुली शिकवून अशा घरी पाठवायला सुरुवात केली. शिकवणं त्यांच्याच घरी, माडीवर. तिथे एक लोखंडी पलंग आहे. पेशंट म्हणून सिस्टर स्वतः झोपायच्या आणि आम्ही त्यांना वळवायचं. त्या पेशंट झाल्या की एकदम खाष्ट व्हायच्या. "नखं कापली नाहीस गो, टोचतात. चादरीला सुरकुती राहिली. मला न सांगता हात लावलास, मी काय गाठोडं आहे?" आम्ही हसायचो. पण माणसाला आधी सांगायचं आणि मग हात लावायचा, हे त्या पलंगापाशी शिकलं ते हातातून जात नाही.

सिस्टरांचे नियम होते. ते पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावायचे. काम सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सहानंतर थांबवलं तर तो जादा वेळ, त्याचे दीडपट. आठवड्याला एक सुट्टी. पेशंटची भांडी आम्ही घासायची, घरची नाही. एका पाळीला जोडून दुसरी पाळी कोणी करायची नाही, घरच्यांनी कितीही पैसे देऊ केले तरी. आणि पेशंटला एकटं टाकून जायचं नाही. वेळेचा एक कागद असायचा. त्यावर आल्याची आणि गेल्याची वेळ आम्ही लिहायची, घरच्यांनी रोज त्यावर सही करायची, आणि रविवारी तो सिस्टरांकडे न्यायचा.

जादा वेळेचं एवढं काय, असं एकदा एका बाईंनी विचारलं. एरवी सरळ उत्तर देणाऱ्या सिस्टर त्या दिवशी खाली बघून बोलल्या. त्या तरुण होत्या, नोकरी नवी होती. बदली यायची ती आली नाही म्हणून एक पाळी संपवून त्यांनी दुसरी चालू केली. दुसरीच्या शेवटी एका माणसाला एकच औषध दोनदा दिलं. तो माणूस वाचला. "पण दुसऱ्यांदा दिलं ते मला आठवतच नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे कळत नाही, म्हणून ते कागदावर लिहावं लागतं."

मला पहिलं घर मिळालं ते महाडातल्या एका हार्डवेअरच्या दुकानवाल्यांचं. पेशंट म्हणजे त्यांची आई. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. खुब्याचं हाड मोडून पडलेल्या, पण तोंड शाबूत. मी पहिल्या दिवशी काही बोलले नाही तर म्हणाल्या, "मुकी पाठवली की काय? असू दे. माझं ऐकून घ्यायला कोणीतरी हवंच होतं." घर चांगलं होतं. मला बसून जेवायला वाढायचे, कपबशी वेगळी ठेवली नाही. आजींचा मुलगा, म्हणजे आमचे काका, आणि सून, म्हणजे वहिनी, दोघं दुकानात बसायचे. सहाला दोघांतलं एक घरी यायचं, असं ठरलेलं.

पहिले चार दिवस वहिनी सहाला आल्या. पाचव्या दिवशी सहाला पाच मिनिटं असताना फोन आला, गिऱ्हाईक आहे, जरा थांबशील ना, दहा मिनिटं. मी हो म्हटलं. त्या आल्या तेव्हा सव्वासात झाले होते. दमून आल्या होत्या, हातात भाजीची पिशवी, मला म्हणाल्या, "सॉरी गं." मी कागद घेतला. सव्वासात लिहिलं तर ते जादा पैसे मागितल्यासारखं दिसेल, आणि त्यावर सही घ्यायला वहिनींच्या समोर जाऊन उभं राहावं लागेल. मी सहा लिहिलं.

मग तेच रोजचं झालं. रोज सात, सव्वासात, एखाद्या दिवशी साडेसात. पोलादपुरातून कापड्याची शेवटची गाडी मला मिळायची नाही. दादा दिवसभर शेतात राबून मोटरसायकलने पोलादपूरला घ्यायला यायचा. विचारायचा, तुझं सहाला सुटतं ना गो? मी म्हणायची, कधीकधी उशीर होतो. कागदावर मात्र रोज सहा. असे पाच महिने. कोणाचं काही बिघडत नाही असं मला वाटायचं. बिघडलं तर माझंच.

भातकापणीला मी आठ दिवस रजा घेतली. माझ्या जागी सिस्टरांनी सुनंदाताईंना पाठवलं. त्या मूळच्या कुडपणच्या, वर पठारावरच्या. नवरा मुंबईला. मुलीला शाळेत घालायचं म्हणून पोलादपुरात खोली घेऊन राहायच्या. मुलगी पहिलीत. शाळा सुटली की शेजारच्या बाई तिला सांभाळायच्या, पण सातपर्यंतच, पुढे त्या स्वतः कामाला जायच्या. सहाला सुटलं तरच सुनंदाताई सातच्या आत मुलीपाशी पोचायच्या.

पहिल्या दिवशी वहिनी सव्वासातला आल्या. सुनंदाताईंनी सव्वासात लिहिलं आणि सहीला कागद पुढे केला. वहिनींनी सही केली नाही. म्हणाल्या, रेश्मा इतके महिने येते, थांबते, कधी असं लिहीत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सुनंदाताईंनी साडेपाचला दुकानात फोन करून सांगितलं की मी सहाला निघणार. वहिनी म्हणाल्या, बघते. सहा वाजले, कोणी आलं नाही. सुनंदाताईंनी आजींच्या उशाशी पाणी ठेवलं, फोन ठेवला, दार लोटून घेतलं आणि त्या गेल्या. वहिनी आल्या तेव्हा आजी एकट्या होत्या, कपडे ओले झालेले. आजींना काही झालं नाही. पण वहिनी रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांच्या दारात गेल्या.

रविवारी आम्ही सगळ्या सिस्टरांच्या ओटीवर होतो. सिस्टरांच्या मांडीवर माझे पाच महिन्यांचे कागद होते. त्या कागदांप्रमाणे त्या घरचं माणूस रोज सहाला परत येत होतं. म्हणजे सुनंदाताईंनी लिहिलेलं सव्वासात खोटं. वर पेशंट टाकून गेलेली. सिस्टर कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खोटी वेळ लिहिणारी आणि पेशंटला एकटं टाकणारी बाई मी कोणाच्या घरी पाठवू शकत नाही."

सुनंदाताई उठून उभ्या राहिल्या. "टाकून गेले ते खरं हाय. पन वेळ मी खोटी लिवली नाय. हिला इचारा." आणि माझ्याकडे बोट केलं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "रेश्मा, तुझ्या वेळा खऱ्या आहेत ना?"

सोळा-सतरा बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. हो म्हणून.

सुनंदाताईंनी चपला घातल्या आणि गेल्या. आठवड्याभरात कळलं की पोलादपूरची खोली सोडली, मुलीला शाळेतून काढलं, कुडपणला सासरी गेल्या. खोलीचं भाडं कामावर चालायचं, काम राहिलं नाही.

मी पुन्हा आजींकडे जाऊ लागले. आजी दोन दिवस काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत कधी होत नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाल्या, "माझ्यासमोर भिंतीवर काय आहे?" मी म्हटलं, घड्याळ. "मला दिवसभर दुसरं बघायला काय आहे, सांग. तू कितीला जातेस ते तुझ्या आईला माहीत नसेल एवढं मला माहीत आहे. त्या बाईनं खरं लिहिलं होतं."

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नकोस, केस ओढले जातात. मी सांगितलं तर सुनेला बोल लागेल, आणि मला तिच्याच हाताखाली राहायचंय. तू सांगितलंस तर तुला बोल लागेल. आता तू ठरव."

त्या दिवशी दुपारी आजींनी काकांना फोन करून मला लवकर सोडायला लावलं. मी सिस्टरांकडे गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि मला एक अक्षर बोलता येईना. सिस्टरांनी विचारलं, पाणी हवंय का, घरी बरं आहे ना. मग विचारणं सोडून दिलं आणि सूप अर्धं माझ्याकडे सरकवलं. मीही तांदूळ निवडायला लागले. बराच वेळ आम्ही दोघी तेच करत होतो. शेवटी मी सुपाकडे बघूनच म्हटलं, "सुनंदाताई खरं बोलल्या. माझे सगळे कागद खोटे आहेत."

मला वाटलं आता मला काढतील. काढलं असतं तर मी काही म्हणू शकले नसते. सिस्टर उठल्या, आत जाऊन माझे कागद घेऊन आल्या, चष्मा लावला आणि एक एक पान परत बघत बसल्या. सहा, सहा, सहा, सहा. मग म्हणाल्या, "वॉर्डात एखाद्या चार्टवर आठ दिवस ताप अगदी एकसारखा लिहिलेला असला, की आम्ही म्हणायचो, इथे कोणी थर्मामीटर लावलेलाच नाही. खरं माणूस असं सरळ रेषेत नसतं. इतकी वर्षं मी चार्ट वाचले, आणि पाच महिने हा वाचू शकले नाही. तू लाजाळू आहेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी तुला चारचौघींत उभं करून विचारलं. तू दुसरं काय सांगणार होतीस?"

माझी चूक त्यांनी पुसली नाही. तुझ्या सहा लिहिण्याने एका बाईचं काम गेलं, हे त्यांनी मला त्याच शब्दांत सांगितलं. पण त्याच्या आधी आपली चूक सांगितली. मोठी माणसं असं करताना मी तोपर्यंत बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी जीप ठरवली आणि मला घेऊन कुडपणला निघाल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखायचेच. फोन करून बोलावून घ्या, असं त्यांच्या भाचीने सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "बोल लावला तो सगळ्यांसमोर. माफी फोनवर मागू?" घाटात त्यांना गरगरलं, दोनदा गाडी थांबवली. वर पोचल्यावर जीप एका जागी राहिली, कारण सुनंदाताई खळ्यावर होत्या आणि तिथे चालतच जावं लागत होतं. सिस्टर माझा खांदा धरून चालल्या.

खळ्यावर नाचणीची झोडणी चालली होती. सासू, दीर, शेजारच्या दोन बायका, आणि बाजूला ती छोटी मुलगी, शाळेचाच फ्रॉक घातलेली. सुनंदाताईंनी आम्हाला बघितलं पण काठी थांबवली नाही. सिस्टर खळ्याच्या कडेला उभ्या राहिल्या, श्वास जमवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, मी तुला सगळ्यांसमोर खोटी म्हटलं. तू खोटी नव्हतीस. चूक माझी झाली. ती सांगायला मी आले."

काठी थांबली. सुनंदाताई म्हणाल्या, "माज्या पोरीचं नाव शाळंतून काडलं, सिस्टर."

"मी तुझ्याबरोबर शाळेत येते. नाव परत घालून देते."

"आनि पेशंट टाकून गेले, ते?"

"ते तू चुकलीस," सिस्टर म्हणाल्या. "ते मी चूक नाही असं म्हणणार नाही. पण घरच्यांना यायला लावणं माझं काम होतं. मी नियम केला, आणि तो पाळून घ्यायचं तुम्हा पोरींवर टाकलं."

सुनंदाताईंनी मग माझ्याकडे बघितलं. "आनि ही? हिला बोलता येतं का, का मानच हालवते?"

मी म्हटलं, माझं चुकलं, ताई. सुनंदाताई म्हणाल्या, "मोठ्यानं बोल गो. सासूबाईंना कमी ऐकू येतं. मी आल्यापासून त्यांनी मला इचारलाय, तू काय केलंस म्हनून." तेव्हा मी मोठ्याने बोलले. किती मोठ्याने ते मला कळलं नाही, पण पलीकडच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आता ऐकलं. गाव गोळा नको करूस." आणि मग त्यांनी आम्हाला बसायला गोणपाट टाकलं.

खाली आल्यावर सिस्टर सरळ हार्डवेअरवाल्यांच्या घरी गेल्या. मला वाटलं भांडण होईल. त्यांनी चहा घेतला, आजींची पाठ बघितली आणि मग वहिनींना माझ्या खऱ्या वेळा सांगितल्या. वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्या वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की मला चालतं. "ती कधी काही बोललीच नाही हो," त्या म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, "तिनं बोलायचं नव्हतं. तुम्ही विचारायचं होतं." त्या पाच महिन्यांचं जे काही निघालं ते वहिनींनी त्या आठवड्यात दिलं, घासाघीस केली नाही. आणि सुनंदाताईंना स्वतः फोन करून बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

त्यानंतर सिस्टरांनी सगळ्या घरांतले पुठ्ठे काढले आणि नवे लावले. जुने नियम तसेच, दोन नवे. एक, कोणाला सहानंतर थांबवायचं असेल तर त्याच दिवशी दुपारी बारा वाजायच्या आत विचारायचं. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तर सहाला घरच्यांनी हजर राहायचं. दुसरा, जायची वेळ कामवालीने लिहायची नाही, घरच्या माणसाने आपल्या हाताने लिहायची. सरकारचा आठ तासांचा, जादा वेळेचा कायदा कारखान्यांना आहे, एमआयडीसीत आहे. घरात पडलेल्या माणसापाशी बसणाऱ्या बाईपर्यंत तो अजून नीट पोचलेला नाही. पोचेल तेव्हा पोचेल. तोपर्यंत महाडातल्या काही घरांत पुठ्ठ्यावरचा हा कायदा चालतो. जी घरं सिस्टरांकडून बाई घेत नाहीत, त्यांतल्याही दोन-तीन घरांनी तो उतरवून नेला.

पण विचारलं तरी नाही म्हणता आलं पाहिजे. ते मला येत नव्हतं. म्हणून रविवारी माडीवर सिस्टर वहिनी व्हायच्या. पलंगावर बसून फोन धरल्यासारखा कानाला हात लावायचा आणि गोड आवाजात म्हणायचं, "रेश्मा, आज जरा थांबशील का गं, पाहुणे आलेत." आणि मी म्हणायचं, नाही वहिनी, आज जमणार नाही. पहिल्या रविवारी माझ्या तोंडून फक्त "नाही" निघालं आणि पुढे मी म्हटलं, "नाही नाही, थांबते." सगळ्या हसून लोळल्या. दुसऱ्या रविवारी काहीच निघालं नाही. सिस्टर कानाला हात लावून तशाच बसून राहिल्या, चहावर साय आली. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं. सिस्टरांनी हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "बरं. मग मी येते सहाला." एवढंच असतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे वहिनींनी खरंच विचारलं तेव्हाही एवढंच झालं. त्या बरं म्हणाल्या आणि काका सहाला घरी आले.

सुनंदाताई परत पोलादपूरला राहायला आल्या. मुलगी आता तिसरीत आहे. त्या शाळेत तिच्या वर्गशिक्षिकेपुढे सिस्टर स्वतः जाऊन बसल्या होत्या. मला सिस्टरांनी दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरून दिला आहे. गणित मला येत नाही, ते त्या शिकवतात, आणि त्यांनाही फार येत नाही, म्हणून दोघी मिळून भाचीला विचारतो. गेल्या थंडीत त्यांचे गुडघे फारच धरले तेव्हा सुनंदाताई त्यांना महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन जायच्या. सिस्टर रस्ताभर कुरकुरायच्या की मी काही पेशंट नाही. सुनंदाताई म्हणायच्या, "मंग गप चाला."

सिस्टर, तुम्ही शंभर वर्षं जगा असं या अंकात सगळे लिहितील. मी ते लिहिताना थांबते, कारण म्हातारपण कसं असतं ते तुमच्यामुळे मी रोज जवळून बघते. म्हणून मी तुमच्यासाठी जे मागते ते सांगते. तुम्ही स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जात राहा. तुमचा घास तुमच्या हाताने तुमच्या तोंडात जाऊ दे. समोर कोण आलं ते तुम्हाला नावाने ओळखू येऊ दे, आणि चादरीची सुरकुती काढायला सांगण्याएवढं तोंड शेवटपर्यंत खाष्ट राहू दे. आजींनी तुम्हाला निरोप दिलाय. त्या आता वॉकर घेऊन ओटीपर्यंत येतात. म्हणाल्या, "तिला सांग, ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. पंच्याहत्तरीची एवढी मिजास नको."

तुम्हाला कोणाच्या हाताची गरज लागू नये, हेच मी मागते. आणि लागलीच कधी, तर सुनंदाताई आणि मी, आम्ही दोघी आहोत. तेव्हा तुम्ही संकोच करू नका. बारा वाजायच्या आत विचारा. मला आता नाही म्हणता येतं, सिस्टर, आणि तुम्हाला मी हो म्हणेन.

— रेश्मा, कापडे